एकतिसाव्या ओळीचा धनी

ऑपरेटरकाकांसमोर कुणी आवाज चढवला की त्यांच्या डाव्या हाताची करंगळी टेबलाच्या कडेवर दोनदा आपटायची. समोरच्याला वाटायचं, म्हातारा वैतागला. काका एस्केप दाबत असायचे. त्यांच्या कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातल्या त्या बटणावरची अक्षरं केव्हाच पुसली होती आणि बटण मधोमध खोलगट झालं होतं. कामाला बसताना दोनदा, ओळ संपली की दोनदा, चहा आला की दोनदा. "आपन लिहून राह्यलो का नुसतं पाहून राह्यलो, हे पयले समजलं पाह्यजे," ते म्हणायचे. "लोकाहिले वाटते आपन पाहून राह्यलो, अन् ते लिहून राह्यले असतात. तथीच सारी गडबड होते."

हे त्यांच्या एडिटरबद्दल होतं. विम नावाच्या त्या एडिटरात काळा पडदा आणि पांढरी अक्षरं एवढाच संसार. वर मेनू नाही, बाजूला चित्रं नाहीत. तो उघडला की लगेच लिहिता येत नाही. प्रत्येक बटण हा एक हुकूम असतो. आय दाबलं की लिहायचं, एस्केप दाबलं की पुन्हा हुकमाकडे यायचं. नवा माणूस उघडून बसतो, दोन अक्षरं दाबतो, मजकूर नाहीसा होतो, आणि त्याला बाहेर पडायलाही जमत नाही. पहिल्यांदा त्याला हात लावला त्या दिवशी माझंही तेच झालं होतं. मी बंद करायला विजेचं मेन बटण शोधू लागले, तेव्हा काका हसले नाहीत. माझ्या मागून हात घालून त्यांनी एस्केप दोनदा दाबलं, कोलन, क्यू आणि उद्गारचिन्ह टाकलं. "उद्गारचिन्ह म्हणजे काहीच जतन न करता निंगतो मी, असं सांगनं," ते म्हणाले. "तुया पत्रकात लय हायेत ही. कमी कर."

अमरावतीत राजकमल चौकातून आत वळलं की एका झेरॉक्सच्या दुकानामागं त्यांची खोली होती. तिथं मजकूर टाईप व्हायचा, पान लागायचं, आणि छपाईला मागच्या गल्लीतल्या प्रेसमध्ये जायचं. मी वलगावची. वडील भाजीचा मळा करायचे आणि उरलेल्या वेळात सभांना जायचे. आमच्या घरात पुस्तकं चार-सहाच होती, पत्रकं मात्र कपाटभर. मी वाचायला त्यांच्यावरच शिकले. त्यामुळं मला अगदी लहानपणापासून वाटायचं, की सत्य हे एका कागदाच्या दोन बाजूंवर मावतं आणि सकाळच्या पेपरात घालून घरोघरी पोचवता येतं. कॉलेज संपल्यावर मी अमरावतीत खोली घेतली आणि पहिलं पत्रक हातानं लिहून काकांकडे गेले. तेव्हा त्यांनी मला "मॅडम" म्हटलं. दुसऱ्या पत्रकाला "बाई" म्हणाले. तिसऱ्यापासून "काय व पोरी."

त्यांच्या पडद्यावर डाव्या बाजूला ओळींचे आकडे कायम असायचे. सेट नंबर ही त्यांची पहिली सेटिंग. त्यामुळं ते माणसांशीही आकड्यांतच बोलायचे. माझा मजकूर टाईप करून झाला की खुर्ची वळवायचे. "बाराव्या ओळीत तू रागावली हायेस. काहून?"

"राग येते म्हणून."

"अकराव्यात पुरावा देल्ला. तेराव्यात पुढचा पुरावा हाय. मधात रागाची गरज काय पडली?"

"लोकाहिले चीड आली पाह्यजे, काका."

"त्याहिची चीड त्याहिले आनू दे. तू त्याहिची उसनी नको आनू." आणि दोन वेळा डी दाबून ते बारावी ओळ काढून टाकायचे. मी चिडले की म्हणायचे, "फेकली नाई. डी नं काढलेली ओळ एडिटर हातात धरून असते. पी दाब, वापस येईन. पाह्य, पाह्यजे का?" मी एकदाही ती परत मागितली नाही. त्यांनी काढलेल्या ओळींबद्दल मला मनातून त्यांचंच पटायचं, हे आता लिहायला काही वाटत नाही. तेव्हा मी ते कधी कबूल केलं नाही.

झेरॉक्सवाले भाऊ त्यांना छळायचे. "ऑपरेटर, पूर्ण अमरावती माऊसनं काम करून राह्यली, अन् तुमी अजून त्या भांडे घासाच्या साबनावर." कारण विम म्हटलं की आमच्याकडे मोरीतली वडीच आठवते. काका शांतपणे म्हणायचे, "घासाचंच काम हाय बाप्पा. तुमच्याकडचा मजकूर लय मळून येते." माऊस त्यांच्या टेबलाच्या खणात वायर गुंडाळून पडलेला असायचा. पान लावायच्या दुसऱ्या मशीनसाठी तो बाहेर निघायचा आणि काम झालं की परत आत. मराठी कीबोर्ड चालू असताना एडिटरचे हुकूम चालत नाहीत, प्रत्येक वेळी इंग्रजीवर जावं लागतं. त्यावर त्यांनी एक सेटिंग शोधून काढली होती. मराठी अक्षराचं बटण दाबलं तरी एडिटरला त्यामागचं इंग्रजी बटण कळायचं. "त्याले आपली भाषा शिकोली," एवढंच ते म्हणाले होते. त्या एका सेटिंगसाठी त्यांचे दोन उन्हाळे गेले होते, हे मला नंतर कळलं.

सेटिंगांची त्यांची एक फाईल होती. त्या फाईलमध्ये अवतरणचिन्हानं सुरू झालेली ओळ एडिटर वाचत नाही. ती माणसासाठी असते. प्रत्येक सेटिंगवर काकांनी अशी एक ओळ लिहून ठेवलेली होती, ती का ठेवली याची. ओळीचे आकडे दाखवण्यावर लिहिलं होतं, "भांडन कुठं हाय ते समजते." शोधलेला शब्द सगळीकडे रंगवणाऱ्या सेटिंगवर, "एकच शब्द मानूस किती डाव बोलते ते दिसते." एक सेटिंग अशी होती की तुम्ही कुठल्याही ओळीवर गेलात तरी वरच्या पाच आणि खालच्या पाच ओळी दिसतच राहतात. त्यावर त्यांनी लिहिलं होतं, "एकट्या ओळीवर इश्वास ठेवू नये." ती फाईल मी एकदा पूर्ण वाचली आणि म्हणाले, "काका, हेच छापा." ते म्हणाले, "हे मायं मले हाय. मी इसरतो."

वीज गेली की दुकानातले सगळे हळहळायचे. काका खुर्चीत मागं टेकून बसायचे, कारण एडिटर मध्येमध्ये एक लपवलेली प्रत ठेवतो हे त्यांना माहीत होतं. वीज आली की पडद्यावर प्रश्न यायचा, जुनी प्रत सापडली आहे, परत आणू का? काका एका अक्षराचं उत्तर द्यायचे आणि मजकूर जवळजवळ पूर्ण परत यायचा. जवळजवळ. शेवटच्या दोन-तीन ओळी नसायच्या. त्या ते मला पुन्हा विचारायचे. मला आठवायच्या नाहीत. त्यांना आठवायच्या.

ते हे कुठं शिकले? अकोल्यात. एका सहकारी संस्थेच्या संगणक विभागात ते तरुणपणी होते. हिरव्या अक्षरांच्या पडद्यांचा जमाना. मग विभाग बंद झाला. बंद करताना कमी करायच्या कर्मचाऱ्यांची यादी टाईप करायचं काम त्यांच्याकडेच आलं, आणि त्या यादीत त्यांचं नाव होतं.

"मंग?" मी विचारलं होतं.

"मंग काय. टाईप केलं. अक्षर नाई चुकलं."

"तुमी भांडले नाई?"

"साहेबानं ते यादी वाचली बी नव्हती. खाली सही करून पाठोली. ज्यानं नाव वाचलंच नाई त्याच्याशी काय भांडू?" करंगळी टेबलावर दोनदा आपटली. त्या वेळी आसपास कुणी आवाज चढवलेला नव्हता.

मजकुरातला एखादा शब्द सगळीकडे एकदम बदलायचा हुकूम शिकवताना त्यांनी ही गोष्ट सांगितली होती. टक्क्याचं चिन्ह, एस, जुना शब्द, नवा शब्द, जी. एवढं केलं की फाईलभरचे सगळे शब्द क्षणात बदलतात. मला तो हुकूम भारी वाटला. काका म्हणाले, "जी च्या पुढं सी लावजो. मंग ते प्रत्येक जाग्यावर थांबते अन् इचारते, बदलवू का? तू हो म्हन नाई तं नाई म्हन. टाईम लागते. लागू दे."

"नऊ ठिकाणी नऊ डाव हो म्हणाचं?"

"नऊ ठिकानी नऊ मानसं असू शकतात."

मी तेव्हा हसले होते.

पाण्याचं पत्रक आलं ते पुढच्या उन्हाळ्यात. आमच्या वॉर्डात पाणी कमी दाबानं यायचं, आणि जवळच्या नव्या सोसायटीत टाक्या भरून वाहायच्या. मी महिनाभर गल्ल्यांतून फिरले, बायकांशी बोलले, वेळा लिहून घेतल्या. आमच्या गल्लीच्या पाण्याची चावी फिरवणारा वालमन नामदेवभाऊ म्हणून होता. ठेकेदाराकडे कामाला. तो भर उन्हात चावीजवळ उभा राहून प्रत्येक गल्लीला तिची वेळ मोजून द्यायचा. त्याच्याबद्दल एकाही बाईची तक्रार नव्हती. सोसायटीच्या फाटकाजवळचा वालमन वेगळा होता, ठेकेदाराच्या नात्यातला. तो आमच्या वाटणीची चावी अर्ध्यातच बंद करून पाणी सोसायटीच्या टाकीत सोडायचा. त्याचं नाव मला काही केल्या कळलं नव्हतं.

पत्रकात मी दोघांनाही वालमनच लिहिलं होतं. काका त्या दिवशी डोळे दाखवायला अकोल्याला गेले होते. त्यांच्या डोळ्यांचं तेव्हाच सुरू झालं होतं, कडेचं दिसेनासं होत चाललं होतं. खोलीची चावी झेरॉक्सवाल्यांकडे ठेवून मला सांगून गेले होते की बसून वाचत जा. मी बसले, आणि वाचता वाचता मला एकदम माझीच चीड आली. ठेकेदाराला आपण ठेकेदार म्हणतो, त्याच्या गाडीचं वर्णन करतो, आणि उन्हात उभ्या असलेल्या कष्टकरी माणसाला नुसतं वालमन. त्याला नाव आहे. ज्याच्या घामावर गल्ली पाणी पिते त्याचं नाव पत्रकात आलंच पाहिजे. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "चांगलं हाय. पन मी उद्या येतो, तोवर थांब."

"उद्या दुपारी वॉर्डाची बैठक हाये, काका. सकाळी पेपरात गेलं पाह्यजे."

"मंग सी लावजो," ते म्हणाले.

मी सी लावला नाही. वालमनच्या जागी नामदेवभाऊ, जी, एंटर. पडद्याच्या खाली आलं, नऊ ओळींत नऊ बदल. त्या नऊचा मला अभिमान वाटला. वाक्यं इतकी सुरळीत बसली की कुठंही अडखळायला झालं नाही. पान लावलं, प्रेसला दिलं, दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेपरांत घालून घरोघरी गेलं.

काका दुपारी आले. बैठक व्हायची होती. मी त्यांच्या हातात छापलेलं पत्रक दिलं. ते त्यांना नीट वाचता येईना म्हणून त्यांनी फाईल उघडली आणि अक्षर मोठं केलं. एस्केप दोनदा. ओळीवरून ओळीवर खाली जात राहिले. मग थांबले.

"एकतिसाव्या ओळीत कोन हाय?"

मी वाचलं. "सोसायटीच्या फाटकाजवळ उभा राहणारा नामदेवभाऊ आमच्या वाटणीची चावी अर्ध्यातच बंद करतो आणि ते पाणी तिकडच्या टाकीत सोडतो."

झेरॉक्सचं मशीन बाहेर चालू होतं. काकांनी शेवटचा हुकूम मागं घेणारं यू एकदा दाबलं; फाईल बंद केली तरी एडिटरनं बदल विसरू नये, अशी त्यांची सेटिंग होती. नऊच्या नऊ बदल गेले आणि एकतिसाव्या ओळीत वालमन परत आला. माझ्या हातातल्या कागदावर नामदेवभाऊच होता. त्यांची करंगळी टेबलावर आपटली नाही. ते उठले आणि चपला घालू लागले.

"कुठी चालले?"

"त्याच्या घरी."

"मी बी येते."

"तुये डोये पाह्य कसे झाले. तू इथं बस अन् दुरुस्ती लिही. चार ओळी. मी जाऊन येतो."

मी दुरुस्ती लिहिली. ती छापली गेली, वाटलीही गेली. आरोपाचा कागद लोकांनी शेजाऱ्याला वाचून दाखवला होता. दुरुस्तीच्या कागदात कुणी शेव बांधून दिली, कुणी डब्याखाली घातला. तिसऱ्या दिवशी ठेकेदारानं नामदेवभाऊला कामावरून बंद केलं. तुमच्याच लोकांनी छापलं, असं गल्लीतल्या बायकांना सांगितलं. त्याला कुणाला तरी काढायचंच होतं. मी त्याच्या हातात माणूस आणून दिला होता.

काका दोन-तीनदा ठेकेदाराच्या ऑफिसच्या पायऱ्या चढले. शेवटी त्यानं सांगितलं, लिहून द्या. काकांनी आपल्या दुकानाच्या कागदावर लिहून दिलं. मी ते पत्र त्यांच्याच पडद्यावर वाचलं. पत्रकातील ओळ एकतीसमधील नाव मजकूर जुळवताना माझ्या हातून चुकून पडले आहे, श्री. नामदेव यांचा त्या कृत्याशी काहीही संबंध नाही, त्यांना कामावर परत घ्यावे. माझ्या हातून, हे शब्द मी वाचले. छापखान्याची अशी एक भाषा असते, असं मी स्वतःला समजावलं. विचारलं नाही. मी माझ्या सहीचं दुसरं पत्र लिहू शकले असते. एका पानाचं काम होतं.

ठेकेदारानं त्या पत्राच्या प्रती काढून पुढच्या बैठकीत वाटल्या. छापणारा माणूसच म्हणतो मजकूर चुकीचा आहे, मग सोसायटीचं तरी खरं कशावरून? पाण्याचा विषय तिथंच संपला. बायका उठून गेल्या. मी सरळ काकांच्या खोलीत गेले.

"तुमी आपलं पत्रक मारलं, काका."

"त्यात चूक होती."

"एका ओळीत."

"हो. त्या ओळीत एक मानूस होता."

"बाकीच्या सगळ्या ओळी खऱ्या होत्या. पूर्ण वॉर्डाचं पानी होतं त्यात."

"त्या पुन्हा लिहिता येतात. लिही. मी टाईप करून देतो. एक रुपया नाई घेत."

"आता कोन इश्वास ठेवनार हाये?"

"मले नाई मालूम," ते म्हणाले. "पन नामदेवले सोमवारपासून घेतो म्हनला तो. दूर टाकलं, बडनेऱ्याच्या बाजूनं. पन घेतलं."

मी म्हणाले, असल्या तडजोडींमुळंच माणसं वर्षानुवर्षं बादल्या घेऊन उभी असतात. आणखीही बरंच म्हणाले. मला ते सगळं पाठ आहे, कारण ते मी वडिलांच्या कपाटातल्या पत्रकांवरूनच शिकले होते. काका पडद्याकडे बघत ऐकत राहिले. त्यांना तो किती दिसत होता कोण जाणे.

मी पुन्हा त्यांच्याकडे गेले नाही. दुसऱ्या एका दुकानात जाऊ लागले, तिथं माऊसनं भराभर काम व्हायचं आणि मजकूर कुणी वाचायचं नाही. ठेकेदाराच्या ओळखीचे लोक काकांकडचं काम काढून घेऊ लागले होते. लग्नपत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा, संस्थांचे अहवाल. कामासोबत त्यांचे डोळेही जात चालले होते. दिवाळीनंतर झेरॉक्सवाल्यांचा फोन आला. ऑपरेटर खोली खाली करून अकोल्याला बहिणीकडे चालले, बसस्टँडवर सोडायला येतेस का? मी म्हणाले, एक सभा आहे. सभा होती. सहा माणसं आली होती.

एकदाच अकोल्याला गेले, तेही दुसऱ्या कामानं. कृषी विद्यापीठाकडून परत येताना डाबकी रोडला त्यांच्या बहिणीचं घर विचारत पोचले. काका पलंगावर बसले होते. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. कुणाबद्दल काही विचारायच्या आधी म्हणाले, "नामदेव आता कोन्या चावीवर हाय?"

मला माहीत नव्हतं.

"पाहून ठेव जरा. उन्हाळा लागला की त्याले सावलीची जागा नाई भेटत तथी." आणि थोड्या वेळानं, "पानीवालं पुन्हा लिहिलं का?"

"नाई."

"लिही," ते म्हणाले.

मी बडनेऱ्याकडे गेले नाही. पत्रकही लिहिलं नाही. आठ महिन्यांनी बहिणीच्या मुलाचा फोन आला तेव्हा त्यांना जाऊन चार दिवस झाले होते.

तेरवीला अकोल्याच्या त्या घरात वीसेक माणसं होती. त्यात पायरीपाशी खाकी शर्टातला एक माणूस बसला होता, कोपरापर्यंत उन्हानं काळवंडलेला. त्यानं मला ओळखलं.

"तू पान्याच्या पत्रकवाली नं?"

"हो, नामदेवभाऊ."

"लय सज्जन मानूस गेला," तो म्हणाला. "माया घरी आल्ता त्या दिवशी. खुर्ची देल्ली तं बसला नाई, उंबऱ्यावर बसला. म्हने, माया हातून गलती झाली, तुमचं नाव भलत्या जागी पडलं. माई बायको लय बोलली त्याले. काय-काय बोलली ते इथं सांगता येत नाई. तो खाली पाहून आयकत राह्यला. ते थकली तं म्हने, अजून बोला ताई, मले टाईम हाय. मंग दर आठ-पंधरा दिवसानं फोन करे. काम लागलं का, जागा कशी हाय. मले इतला राग होता त्याच्यावर, पन नंतर राहिला नाई. गलती कबूल करनारा मानूस भेटते कुठी?"

आतून ताटं मांडल्याचा आवाज येत होता. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

"नामदेवभाऊ, ते नाव मीनं टाकलं होतं. काका त्या दिवशी इथं होते, अकोल्याले. त्याहीनं मले थांब म्हटलं होतं. मी थांबली नाई."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आत भिंतीला टेकवलेल्या फोटोकडे.

"त्यानं तं सांगतलं..."

"मालूम हाये."

"माई बायको त्याले शिव्या देऊन राह्यली होती, तवा तू कुठी होती?"

"दुकानात. दुरुस्ती लिहून राह्यली होती."

"तुयं नाव होतं त्या दुरुस्तीत?"

"नाई."

त्यानं आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हळू म्हणाला, "मायं नाव घरोघरी गेलं पोरी. मी सालभर मान वर करून त्या गल्लीतून गेलो नाई. आता तुयं जाऊ दे." आणि जेवायला न थांबता तो एसटी पकडायला निघून गेला.

त्या आठवड्यात मी एक पत्रक लिहिलं. लहान होतं. एकतिसाव्या ओळीत नामदेवभाऊंचं नाव कुणी टाकलं, ऑपरेटरकाका त्या दिवशी कुठं होते, त्यांनी मला फोनवर काय सांगितलं होतं, आणि खाली माझं पूर्ण नाव. त्यात रागाची एकही ओळ नव्हती. पेपरात घातलं नाही. मी स्वतः एकेक दार वाजवून दिलं. काहींना तो उन्हाळा आठवतही नव्हता. एक बाई म्हणाली, "तो कंप्युटरवाला म्हातारा का? तो तं दुरुस्तीचे कागद वाटाले बी आल्ता, भिंत धरून धरून." मला ते माहीत नव्हतं. ती वाटणी पेपरवाल्यांनी केली, असं मी समजून चालले होते.

सगळ्यात शेवटी नामदेवभाऊंचं घर. तो कामावर होता. त्याच्या बायकोनं दारात उभं राहूनच कागद घेतला आणि ओठ हलवत सावकाश वाचला. दुसऱ्यांदा वाचला.

"मंग तो ऑपरेटर नव्हता?"

"नाई."

"हे त्यानं वाचलं का?"

"ते गेले, ताई. तेरवी झाली."

मग कागदाची घडी घालून तिनं तो माझ्या हातात परत दिला.

"हे मले काहून देऊन राह्यली," ती म्हणाली. "मले त्या दिवशीचं बोलनं वापस घ्याचं हाय. ते सांग, कोनापाशी जाऊ."